भेर्ली माडाच्या झावळीवर सापडलेली बुरशी नवी जात आहे, हे कसं ठरवतात?

तुम्ही लिहिलंय की पडलेल्या झावळीच्या देठावर काळे, खरखरीत ठिपके दिसले आणि नेटवरच्या फोटोंशी ताडूनही नाव लागलं नाही. फोटोवरून ते लागणारही नाही. माडवर्गातल्या झाडांवरच्या बुरशा मी बरीच वर्षं तपासतोय. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या ठिपक्यांच्या आत अगदी वेगवेगळ्या बुरशा निघतात.

आधी नमुना कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत त्यावर लगेच दुसरीच बुरशी चढते. पाकिटावर झाड, गाव, तारीख आणि झावळीचा नेमका भाग लिहा.

मग ब्लेडने ठिपका कापून आतला गर साध्या पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. रंग नंतर घालायचा, कारण बीजाणूंभोवतीचा चिकट थर पाण्यातच नीट दिसतो. बीजाणू लांबट, रंगहीन, दोन पेशींचे, दोन्ही टोकांना निमुळते असतील आणि मेल्झरच्या (आयोडीनच्या) द्रावणात बीजाणूंच्या पिशवीच्या टोकाशी निळं कडं उमटलं, तर मी ऑक्सिडोथिसकडे वळेन. हा जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मुख्यतः माडवर्गावरच सापडतो. याउलट पाच पेशींचे बीजाणू, मधल्या तीन तपकिरी आणि टोकाला केसासारखे तंतू दिसले तर ते पेस्टालोटिऑप्सिसचं घराणं. २०१४ मध्ये त्याचे तीन जीनस झाले. तिथे नुसत्या आयटीएसच्या, म्हणजे बुरशी ओळखायला नेहमी वाचतात त्या तुकड्याच्या, डीएनएवर जात ठरवू नये, टीईएफ आणि बीटा-ट्युब्युलिन हे जनुकही वाचावे लागतात.

खरा वेळ जातो तो जुनी नावं तपासण्यात. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी जातींचं वर्णन दोन-चार ओळींचं लॅटिन आहे, डीएनए तर नाहीच. तुमची बुरशी त्यांतलीच एखादी नाही, हे मूळ नमुन्याशी ताडून दाखवावं लागतं. निव्वळ झाड नवं आहे म्हणून बुरशीला नवं नाव देणं मला अजिबात पटत नाही. त्याने पुढच्या अभ्यासकांचा गुंता तेवढा वाढतो.

तरी तुमची आशा अनाठायी नाही. बुरशीतज्ज्ञ हॉक्सवर्थ यांनी १९९१ मध्ये जगातल्या बुरशींचा अंदाज बांधताना वनस्पतीच्या एका जातीमागे बुरशीच्या सहा जाती धरल्या होत्या. माडवर्गावर काम करणाऱ्या फ्रोलिश आणि हाइड यांनी १९९९ मध्ये उष्ण कटिबंधासाठी हे प्रमाण ३३ असावं असं मांडलं.

बुरशी नवी ठरलीच, तर वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत प्रसिद्ध करावं लागतं. मायकोबँकसारख्या, बुरशींच्या नावांच्या ऑनलाइन नोंदणीचा क्रमांक २०१३ पासून सक्तीचा आहे. मूळ नमुना म्हणून वाळवलेला तुकडा किंवा निष्क्रिय करून जपलेलं कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी) चालतं, जिवंत वाढणारं चालत नाही. तो ठेवायला पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर कवक हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या बुरशींचा संग्रह, आहे. कुठेही पाठवा, पण सगळी झावळी देऊन टाकू नका, ठिपके असलेला एक तुकडा वाळवून स्वतःकडे ठेवा.