दहा महिन्यांचं बाळ रांगत नाही. हालचाली वयानुसार आपोआप येतात की शिकवाव्या लागतात?

‘आपोआप’वाल्यांशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून लिहितेय.

माझी लेक रांगलीच नाही. एक पाय दुमडून, दुसऱ्या टाचेने जमीन मागे ढकलत ती बुडावर सरकायची. हातात कायम एक चमचा, तो काही सोडायची नाही. आमच्या मोठ्या जाऊबाईंकडे तक्ता होता: पालथं पडणं, बसणं, रांगणं, चालणं. “पायरी चुकली, आता पुढचं सगळं अडणार,” हे मी सात महिने ऐकलं.

या तक्त्यांमागे अमेरिकन बालविकासतज्ज्ञ आर्नल्ड गेसेल यांचा विचार आहे: मज्जासंस्था पिकत जाते तशा हालचाली ठरल्या क्रमाने उमलतात. निरीक्षणं बारकाईची, पण कारण अपुरं. नवजात बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकतं आणि दोनेक महिन्यांत ते थांबतं. मेंदू त्या क्रियेला दाबतो, असं मानायचे. बाळांच्या हालचालींच्या अभ्यासक एस्थर थेलन यांनी १९८४ मध्ये अशा बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरलं, तर पावलं पुन्हा पडू लागली! पाय जड झाले होते आणि स्नायूंना ते वजन पेलत नव्हतं, एवढंच. म्हणजे मेंदू, शरीराचं वजन, खालची जमीन, समोरची वस्तू, सगळ्यांतून मिळून हालचाल घडते. माझ्या लेकीची टाच गादीवर रुतायची, तिथे ती पोटावर सरपटायची. बाळ तेच, दिवस तोच! हे तक्त्यात कुठे बसवायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात (भारतातली मुलंही होती) ४.३ टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका पसरलेला निघाला. माझी सोळाव्या महिन्यात चालली, चमच्यासकट. तेव्हा हे आकडे मला माहीत असते तर जाऊबाईंसमोर गप्प बसले नसते.

शिकवायचं म्हणाल, तर बोट धरून चालवण्याची गरज नाही. वॉकर तर आणूच नका. बाळाला जमिनीवर भरपूर वेळ मोकळं सोडा आणि पडू द्या. बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं खेळताना तासाला सरासरी सतरा वेळा पडतात, असं बाळांच्या चालण्यावर संशोधन करणाऱ्या कॅरन अडॉल्फ यांनी मोजलंय.

मात्र बाळ एकच बाजू वापरत असेल, अंग फार सैल किंवा ताठ वाटत असेल, आलेली हालचाल गेली असेल, किंवा अठरा महिन्यांनाही चालत नसेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.