नवी मैफल ऐकताना : वाचकांचे प्रश्न

शास्त्रीय संगीताच्या नव्या ध्वनिमुद्रणांबद्दल कोकणातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मोबाइलवर ‘नवीन’ म्हणून दिसणारं लावावं, तर चाळीस वर्षांपूर्वीची मैफल निघते. आजच्या गायकांचं खरोखर नवं गाणं शोधायचं कसं? (देवरुख)

ॲपवर दिसणारं वर्ष बहुतेक वेळा ते रेकॉर्डिंग तिथे प्रसिद्ध झाल्याचं असतं, गायल्याचं नाही. अल्बमच्या तळाशी वर्तुळात ‘पी’ हे अक्षर आणि पुढे वर्ष असतं, तेही प्रसिद्धीचंच. त्यापेक्षा लांबी बघा. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, एलपीच्या (लाँग-प्लेइंग तबकडीच्या) एका बाजूवर वीस-बावीस. म्हणजे सव्वातीन मिनिटांत आटोपलेला ख्याल तबकडीवरचा. बडा (विलंबित, म्हणजे संथ) आणि छोटा (द्रुत, म्हणजे जलद) ख्याल मिळून नेमके बावीस मिनिटांत बसवलेले असतील, तर ती बहुधा एलपी. पन्नास मिनिटांचा एकच राग सलग असेल, तर मैफलीची टेप किंवा सीडीच्या काळातलं किंवा त्यानंतरचं काम.

नव्या गायकांपर्यंत पोचण्याचा सोपा मार्ग साथीदारांच्या नावातून जातो. उल्हास कशाळकर, व्यंकटेश कुमार, अश्विनी भिडे-देशपांडे ही नावं तुम्ही शोधालच. पण शोधाच्या चौकटीत सुरेश तळवलकर (तबला), सुधीर नायक किंवा सुयोग कुंडलकर (संवादिनी) ही नावं टाकून पाहा. कसलेले साथीदार तरुण गायकांच्या साथीलाही बसतात, त्यामुळे तुम्ही कधी न ऐकलेली चार-पाच नावं सहज समोर येतात. रागाचं नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहा, रोमन लिपीतही आणि देवनागरीतही. भूप अनेकदा ‘भूपाली’खाली सापडतो, मालकंस ‘मालकौंस’खाली.

आकाशवाणीची ‘रागम्’ ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीताची वाहिनी २६ जानेवारी २०१६ला सुरू झाली, ती आकाशवाणीच्या ॲपवर ऐकता येते. दरबार या ब्रिटनमधल्या महोत्सवाच्या मैफली यूट्यूबवर आहेत आणि त्यांचं ध्वनिमुद्रण फार स्वच्छ असतं. जवळपासच्या संगीत महोत्सवाची पत्रिका हाती आली की ती टाकू नका, त्यातल्या प्रत्येक नावाचा शोध घ्या.

प्रश्न : नाट्यगीतं आणि भजनं ऐकून कान बरा तयार आहे. पण पाऊण तासाचा विलंबित ख्याल लावला की दहाव्या मिनिटाला लक्ष सुटतं. काय चुकतं? (मालवण)

चुकत काही नाही, फक्त सम (तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा) हरवते. भजनी ठेक्यात सम दर काही सेकंदांनी येते. विलंबित एकतालात एका आवर्तनाला पाऊण मिनिट, कधी पूर्ण मिनिटही लागतं. तेव्हा आधी तबल्याकडे कान द्या. एकतालाच्या बारा मात्रा अशा : धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, क त्ता, धागे तिरकिट, धी ना. यात ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं. दुसऱ्यांदा ‘तिरकिट’ ऐकू आलं की ती दहावी मात्रा. पुढे धी, ना आणि सम. गायकही साधारण तिथेच मुखडा (बंदिशीची समेवर येणारी सुरुवातीची ओळ) उचलतो. हे ‘तिरकिट’ एकदा पकडता आलं की मधल्या आलापात गायक कितीही लांब गेला तरी तुम्ही वाट चुकत नाही.

मग एकच राग धरा आणि त्याची तीन काळांतली तीन ध्वनिमुद्रणं ऐका. मालकंस घ्या. त्यात रिषभ आणि पंचम नाहीत. गंधार, धैवत, निषाद कोमल. पंचमच नसल्यामुळे तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लावलेली असते. म्हणून सुरुवातीचं अर्धं मिनिट पुढे ढकलू नका. नुसत्या तंबोऱ्यावरून रागाची हवा कळते, आणि पुढे गायक मध्यमावर येऊन थांबला की त्याच्यामागे तीच तार बोलताना ऐकू येते.

पहिल्यांदा केसरबाई केरकरांची मालकंसाची तबकडी. तीन मिनिटांत सगळं बसवायचं, म्हणून तिथे ऐसपैस आलाप नाही. रागाचा चेहरा आणि तान एवढंच, पण ठाशीव. त्यानंतर भीमसेन जोशींची ‘पग लागन दे’ची एलपी. तिसऱ्यांदा आजच्या कोणत्याही गायकाची मालकंसाची मोठी मैफल. तिन्ही ऐकताना कागदावर एकच गोष्ट टिपा : तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) पहिल्यांदा कितव्या मिनिटाला लागला? ग्वाल्हेर घराण्याच्या रीतीने गाणारा स्थायी-अंतरा आधी मांडतो, त्यामुळे तार षड्ज लवकर येतो. किराणा घराण्याच्या रीतीने गाणारा एकेका स्वराची बढत करतो, म्हणजे तो सावकाश फुलवत नेतो, तिथे पंधरा मिनिटंही जातात. ही नोंद ठेवली की लांब ख्याल कंटाळवाणा वाटत नाही, कारण आपण कशाची तरी वाट पाहत असतो.

शोधताना एखाद्या मालकंसात रिषभ-पंचम ऐकू आले तर ती चूक समजू नका. तो बहुधा संपूर्ण मालकंस. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकांचा हा खास राग. मल्लिकार्जुन मन्सूरांचा जरूर ऐका. मात्र साध्या मालकंसाची ओळख पक्की होईपर्यंत तो बाजूला ठेवा, नाहीतर दोन्हींचा गोंधळ होतो.

प्रश्न : आमच्याकडे पावसात रेंज जाते-येते. गाणं मध्येच बदबदतं, आलाप संपून बंदिश सुरू होताना आवाज खालीवर होतो. दोष फोनचा की नेटचा? (गुहागर)

थोडा नेटचा, पण जास्त सेटिंगचा. आवाजाचा दर्जा ‘ऑटोमॅटिक’वर असेल तर रेंज उतरली की दर्जाही उतरतो. अशा वेळी सर्वांत आधी तंबोरा बिघडतो. जवारीची, म्हणजे तार घोडीवर घासून उठणारी, बारीक झणझण जाते आणि पाण्यातून ऐकल्यासारखा आवाज राहतो. दर्जा तपासायचा तर गळ्याकडे न बघता तंबोऱ्याकडे कान लावा.

ऐन वेळी ऐकण्यापेक्षा चांगलं नेट मिळेल तिथे उतरवून घ्या. ३२० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट, हे दर्जाचं माप) दर्जाला तासाभराचं गाणं साधारण १४४ एमबी होतं, ९६ला ४३ एमबी. सीडीच्या तोडीचं लॉसलेस तासाला तीनशे एमबीच्या पुढे जातं. साध्या ब्लूटूथ इअरफोनवर त्याचा फायदा पोचत नाही, कारण ब्लूटूथवरून जाताना आवाज पुन्हा दाबला जातो. वायरचा इअरफोन असेल तरच ती जागा खर्च करा.

आता खालीवर होण्याचं. ‘क्रॉसफेड’ (एक गाणं विरतानाच पुढचं सुरू करणारं सेटिंग) शून्यावर आणा. सिनेसंगीतात ते चालतं, पण इथे विलंबिताचा शेवट आणि द्रुताची सुरुवात एकमेकांत मिसळतात. आवाज समान करणारं ‘नॉर्मलायझेशन’ बंद करा, नाहीतर हलका आलाप आणि तबला भरात आल्यानंतरचा भाग यांतला मूळ फरक बदलू शकतो. ‘शफल’ बंद हवंच, म्हणजे बड्या ख्यालाआधी छोटा वाजणार नाही. इक्वलायझरमधला बास वाढवलेला असेल तर तोही सपाट करा. डग्गा फुगला की खर्जातला गळा त्याच्याखाली दबतो.

प्रश्न : भजनाला पेटी वाजवतो. नव्या रेकॉर्डिंगबरोबर पेटी धरली की सूर मधेच कुठेतरी अडकतो, ना काळी एक ना पांढरी दोन. काय करावं? (कणकवली)

पेटी बिघडली असं लगेच धरून चालू नका. गायक तंबोरा आपल्या गळ्याला त्या दिवशी मानवेल तसा लावतो, दोन पट्ट्यांच्या मधेही. मोबाइलवरचं ट्यूनर उघडून रेकॉर्डिंगमधला नुसता तंबोरा मोजा. शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट धरतात. फरक ३०-४० सेंटचा असेल, तर वेग न बदलता फक्त सूर बदलणाऱ्या ॲपमधून गाणं तेवढं वर किंवा खाली घ्या आणि मग पेटी धरा.

जुन्या तबकडीवरून नव्याने साफ करून काढलेलं असेल तर गोष्ट वेगळी. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नसत. वेग सहा टक्क्यांनी चढला की सूर एक पूर्ण पट्टी वर जातो, आणि लयही तेवढीच चढते. ओळखीचा आवाज बारीक, पोरसवदा वाटला की वेग जास्त आहे असं समजा. तिथे सूर आणि वेग दोन्ही एकत्र उतरवावे लागतात. नुसता सूर उतरवला तर लय चढलेलीच राहते.

पेटीचीही खात्री करायची तर त्याच ट्यूनरवर मधल्या सप्तकाचे बाराही सूर एकेक करून मोजा. सगळे सारखेच वर किंवा खाली असतील तर पेटी आपल्यापुरती जुळलेली आहे. एक-दोनच सूर फटकून असतील, तर त्या पट्ट्यांच्या पितळी सुरांवर (आत थरथरणाऱ्या पात्यांवर) दमट हवेने हिरवट गंज धरला आहे का ते पाहा आणि कारागिराकडे न्या. घरी सूर खरवडू नका. टोकाकडचं पितळ गेलं की सूर चढतो, मुळाकडचं गेलं की उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही.