वाचकांचे प्रश्न: परदेशात कंपनी काढली तर टॅक्स कुठं भरायचा?

या वेळी तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली म्हणून बाकीची बाजूला ठेवून ही तीनच घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण तो प्रश्न सध्या बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, नावगे या कारखान्यांच्या भागांत सगळीकडे फिरतोय, त्यामुळे लांबू दे.

प्रश्न: आमचं उद्यमबागेत मशीन शॉप आहे, कास्टिंग बाहेरनं घेतो, मशीनिंग करून जर्मनी आणि इटलीला पाठवतो. टर्नओव्हर १८ कोटींच्या आसपास. एका कन्सल्टंटनं सांगितलं की दुबईत फ्री झोनमध्ये (टॅक्स सवलतीच्या खास भागात) कंपनी काढा, बिल तिथनं करा, माल इथनं थेट जर्मनीला जाऊ दे, टॅक्स शून्य. भाऊ म्हणतो करूया, वडील नको म्हणतात. काय करावं?
(एक वाचक, बेळगाव)

उत्तर: आधी एक गोष्ट सांगतो, दुबईत टॅक्सच नाही हे आता जुनं झालं. १ जून २०२३ पासून किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या वर्षांसाठी यूएईत कॉर्पोरेट टॅक्स आलाय. ३,७५,००० दिरहमपर्यंतच्या नफ्यावर शून्य, त्याच्या वर ९ टक्के. फ्री झोनला शून्य टक्के आहे हे खरं, पण ते आपोआप मिळत नाही. धंदा त्यांच्या ठरलेल्या यादीतला पाहिजे, ऑडिट केलेले हिशोब पाहिजेत, आणि तिथं खरोखरचं ऑफिस, माणसं, खर्च दिसला पाहिजे. यादीबाहेरचं उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के किंवा ५० लाख दिरहम, यातलं जे कमी त्याच्या वर गेलं की त्या वर्षी तर सवलत जातेच, वर पुढची चार वर्षंही मिळत नाही. बिलं छापायला एक टेबल भाड्यानं घेतलं म्हणजे फ्री झोनची सवलत मिळाली असं समजू नका. रजिस्ट्रेशन वेळेत केलं नाही तर १०,००० दिरहम दंड आहे, मग नफा होवो न होवो.

पण माझी खरी काळजी दुबईची नाहीच, ती आहे बेळगावची. तुम्ही ज्या दराला माल दुबईच्या कंपनीला देणार तो दर ठरवणार कोण? दोन्हीकडे तुम्हीच. इन्कम टॅक्सवाल्याला हे दिसतं, आणि कायदा सांगतो की आपल्याच कंपनीला माल देताना बाहेरच्या तिऱ्हाईताला जो दर लावला असता तोच लावायचा. याला ट्रान्सफर प्रायसिंग म्हणतात आणि परदेशातल्या आपल्या कंपनीशी एक रुपयाचा जरी व्यवहार झाला तरी सीएच्या सहीचा वेगळा रिपोर्ट दरवर्षी द्यावा लागतो, नाही दिला तर एक लाख रुपयांपर्यंत भुर्दंड. आता बघा, ड्रॉइंग बेळगावात वाचलं जातं, गिऱ्हाईक तुमच्या भावानं आणलेलं, क्वालिटीची जबाबदारी तुमची, माल मुंबईच्या बंदरातनं थेट हॅम्बुर्गला, मग दुबईच्या कंपनीनं असं काय केलं की नफ्याचा मोठा वाटा तिच्याकडे राहावा? या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल तर ऑफिसरकडे आहे, तो नफा उचलून परत बेळगावच्या खात्यात धरतो, व्याजासकट.

दुसरं, कंपनी दुबईत रजिस्टर झाली म्हणजे ती दुबईचीच असंही नाही. तिचे महत्त्वाचे निर्णय भारतात बसून होत असतील तर ती भारताची रहिवासी धरता येते. तुमच्यासारख्यांना यात एक दिलासा आहे, परदेशी कंपनीचा टर्नओव्हर वर्षाला ५० कोटी किंवा त्याच्या आत असेल तर हा नियम लावत नाहीत, २०१७ च्या सर्क्युलरमध्ये तसं स्पष्ट आहे. पण त्यावर निवांत राहू नका, कारण कंपनी रहिवासी नसली तरी तिचा धंदा बेळगावच्या ऑफिसातनं चालतोय असं ठरलं तर तेवढ्या नफ्यावर इथं टॅक्स लागतोच.

आता हिशोब मांडूया, कारण वडिलांना आणि भावाला दोघांनाही आकडे बघितल्याशिवाय पटणार नाही. समजा दुबईत १०० रुपये नफा झाला आणि सोयीसाठी सगळ्यावर ९ टक्के धरले, उरले ९१. ते तुम्ही डिव्हिडंड म्हणून बेळगावच्या कंपनीत आणले. पूर्वी परदेशी डिव्हिडंडला १५ टक्क्यांचा सवलतीचा दर होता, तो २०२२ च्या बजेटनं काढला, आता तुमच्या कंपनीचा नेहमीचाच दर लागतो, म्हणजे २२ टक्क्यांची स्कीम घेतली असेल तर सरचार्ज आणि सेस धरून २५.१७. हातात राहिले ६८ रुपये. दुबईच्या कंपनीनं भरलेल्या ९ रुपयांचं क्रेडिट, म्हणजे इथल्या टॅक्समधनं तेवढी वजावट, मिळत नाही, कारण तो टॅक्स तिचा, डिव्हिडंडवरचा नाही. तोच १०० रुपये नफा सरळ बेळगावात झाला असता तर ७४ रुपये ८३ पैसे राहिले असते. फ्री झोनचं शून्य मिळालं तरी घरी आणल्यावर तेच ७४.८३. ऑफिसचं भाडं, लायसन्स, ऑडिट, तिथला माणूस हा खर्च अजून धरलेलाच नाही. बेळगावच्या कंपनीनं तो डिव्हिडंड मुदतीत पुढं तुम्हा भागधारकांना वाटला तर तेवढी वजावट मिळते, पण मग तो तुमच्या स्वतःच्या स्लॅबमध्ये येऊन बसतो.

म्हणजे फायदा तेव्हाच, जेव्हा पैसा परदेशातच ठेवून तिथंच धंदा वाढवायचाय. तसं खरंच असेल, आखाती देशांत गिऱ्हाईक मिळतंय, तिथं स्टॉक ठेवायचाय, माणूस ठेवायचाय, तर जरूर जा. आणि पैसा घरीच आणायचा असेल तर वेगळी कंपनी काढण्याऐवजी बेळगावच्याच कंपनीची ब्रँच काढता येते का ते आधी बघा, कारण ब्रँचनं तिथं भरलेला टॅक्स तुमचाच टॅक्स असतो, त्याचं क्रेडिट इथं मिळतं, सुरुवातीची एकदोन वर्षं तोटा झाला तर तो इथल्या नफ्यातनं वजा होतो. ब्रँचमध्ये वाईट एवढंच की तिथं कुणी दावा लावला तर तो थेट बेळगावच्या कंपनीवर येतो. मोठ्या मशिनरीच्या वॉरंटीचा माल असेल तर हा धोका लहान समजू नका.

जर्मनीतच कंपनी काढायचा विचार असेल तर तिथं गेएमबेहाला (आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारख्या कंपनीला) २५,००० युरो भांडवल, त्यातलं निदान १२,५०० सुरुवातीलाच. टॅक्स तीन पदरी, कॉर्पोरेट टॅक्स १५ टक्के, त्याच्यावर साडेपाच टक्के सरचार्ज, आणि वर त्या त्या गावच्या नगरपालिकेचा ट्रेड टॅक्स, सगळं मिळून ३० च्या आसपास. कॉर्पोरेट टॅक्सचा दर २०२८ पासून दरवर्षी एकेक टक्का उतरत २०३२ ला १० वर येणार आहे. डिव्हिडंडवर करारानुसार तिथं १० टक्क्यांपेक्षा जास्त कापता येत नाही, आणि त्या कापलेल्याचं क्रेडिट इथं मिळतं.

पैसे पाठवायचे तर २०२२ च्या ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमांनुसार. कंपनीला नेटवर्थच्या (भांडवल अधिक साठलेला नफा) ४०० टक्क्यांपर्यंत मुभा आहे, पण पहिला रुपया जायच्या आधी बँकेतनं फॉर्म भरून युनिक नंबर घ्यायचा. हे फक्त परकीय चलनाचं लायसन्स असलेल्या बँकेतनं होतं, आपल्या क्रेडिट सोसायटीच्या खात्यातनं होत नाही. मग दरवर्षी १५ जुलैच्या आत एक रिटर्न, ३१ डिसेंबरच्या आत परदेशी कंपनीच्या कामगिरीचा रिपोर्ट. हे राहून गेलं की लेट फी बसते आणि पुढचे पैसे अडकतात.

वडील नको म्हणतात ते बरोबरच आहे असं मी म्हणत नाही. पण कन्सल्टंटला एवढं विचारा की दुबईच्या ऑफिसात रोज काम काय होणार. उत्तर दोन वाक्यांत मिळालं नाही तर थांबा.

प्रश्न: आम्ही दोघं मित्र बेळगावच्या टिळकवाडीतनं युरोपातल्या क्लायंटसाठी सॉफ्टवेअर करतो. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी घेऊन तिथं कंपनी काढली तर नफा वाटेपर्यंत टॅक्स नाही म्हणतात, खरं काय?

उत्तर: अर्धं खरं. एस्टोनियात कंपनीत ठेवलेल्या नफ्यावर टॅक्स नाही, वाटला की लागतो, २०२५ पासून वाटलेल्या रकमेच्या २२/७८. पण ई-रेसिडेन्सी म्हणजे डिजिटल ओळखपत्र, त्यानं टॅक्समधलं रहिवासीपण मिळत नाही. तुम्ही दोघं टिळकवाडीत, लॅपटॉप टिळकवाडीत, कोड टिळकवाडीत, मग त्या कंपनीचा धंदा टिळकवाडीतनंच चाललाय. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात शिनोळीला शेड असणाऱ्या बेळगावकरांना हे सांगायला नको, कंपनी एकच, पॅन एकच, पण शेड हद्दीपलीकडे गेली की महाराष्ट्राचा वेगळा जीएसटी नंबर घ्यावा लागतो, कारण काम जिथं होतं तिथलं सरकार विचारायला येतं. तुमच्या एस्टोनियन कंपनीलाही भारत विचारणार, आणि परदेशी कंपनी म्हणून दर ३५ टक्के अधिक सेस, म्हणजे साध्या प्रायव्हेट लिमिटेडपेक्षा जास्त.

त्यापेक्षा इथंच प्रायव्हेट लिमिटेड काढा, एलयूटी (निर्यातीसाठीचं हमीपत्र) देऊन जीएसटी न लावता युरोत बिल करा. आणि ती कंपनी आधीच काढली असेल तर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या शेड्यूलमध्ये तिचे शेअर्स, बँक खातं दाखवा म्हणजे दाखवाच, ब्लॅक मनी कायद्यात न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये आहे. घर-जमीन सोडून बाकी परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांच्या आत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून हा दंड लागत नाही, पण दाखवायचं कर्तव्य तसंच आहे.

प्रश्न: अथणी भागात आमचा चप्पल बनवायचा घरचा धंदा आहे. मुलगी म्हणते अमेरिकेत एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढून तिथल्या गोडाउनमधनं ऑनलाइन विकूया. टॅक्स किती?

उत्तर: दादा, कोल्हापुरी चप्पलच्या २०१९ च्या जीआयमध्ये (भौगोलिक मानांकनात) बेळगाव जिल्हाही आहे, त्यामुळे त्या नावावर तुमच्या भागाचाही हक्क आहे, मुलीचं धाडस चांगलं आहे.

अमेरिकेत केंद्राचा कॉर्पोरेट टॅक्स २१ टक्के, पण राज्यांचा टॅक्स वेगळा, आणि भारत-अमेरिका टॅक्स करार राज्यांवर बांधील नाही. ज्या राज्यात गोडाउन, तिथं तुमचा पाय पडला, म्हणजे तिथं तुमचा धंदा आहे, असं धरतात. सेल्स टॅक्स तर २०१८ च्या तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर गोडाउन नसलं तरी ठरावीक विक्रीच्या वर लागतो, मोठ्या ऑनलाइन बाजारातनं विकलं तर बहुतेक ठिकाणी तो बाजारच कापून भरतो. सगळ्यात जपायचं ते हे: परदेशी मालकाची एकट्याची एलएलसी असेल तर मालक आणि एलएलसीमधल्या पैशाच्या देवाणघेवाणीचा ५४७२ नंबरचा फॉर्म दरवर्षी भरायचा, टॅक्स शून्य निघाला तरी, नाही भरला तर दंड २५,००० डॉलर. घरच्या धंद्याचं त्यात कंबरडं मोडेल.

म्हणून पहिलं वर्ष एलएलसी नको. इथनंच आयईसी कोड (आयात-निर्यातीचा नंबर) काढून पोस्टानं किंवा कुरिअरनं थेट गिऱ्हाइकाला पाठवा, तोवर नफ्यावरचा टॅक्स भारतातच. कोणत्या मापाचे जोड किती जातात, परत किती येतात हे मुलीला लिहून ठेवायला सांगा. परत येणारे जोड कमी झाले आणि गोडाउनशिवाय भागत नाही असं दिसलं, की तो हिशोब घेऊन अमेरिकेतलं काम जाणणाऱ्या सीएकडे जा.