सहावी ते आठवीच्या पोरांना खेळातून इंग्रजी शिकवता येते का?

येते ना, नक्की येते, फक्त बालवाडीची गाणी नका घेऊ, या वयाचे पोट्टे लाजतात. मी यवतमाळकडच्या खेड्यात शिकवतो, आमच्याकडं बाजाराचा खेळ लय चालतो, अर्धे दुकानदार अर्धे गिऱ्हाईक आणि भाव इंग्रजीतच करायचा, हाऊ मच, टू कॉस्टली, गिव्ह मी हाफ किलो, घरून आणलेली वांगी-संत्री समोर असली की शब्द आपोआप तोंडात बसतात. एकानं हुकूम सोडायचा नि बाकीच्यांनी करायचं हेही घ्या, अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांची टोटल फिजिकल रिस्पॉन्स पद्धत अशीच, आधी ऐकून अंगानं करायचं, बोलणं मागून येतं. खेळ चालू असताना चूक अजिबात काढू नका, एकदा गप्प झालेलं पोरगं लवकर तोंड उघडत नाही. चुका टिपून ठेवा, शेवटची 5 मिनिटं फळ्यावर घ्या, नाव न घेता.