गेम सुरू होताना दिसणारा तो सांगाडा कुणाचा?

प्रश्न: क्रुसेडर किंग्ज किंवा युरोपा युनिव्हर्सालिस हे कॉम्प्युटर गेम चालू केले की आधी पॅराडॉक्सचा लोगो येतो, त्यात कुठल्यातरी प्राण्याचा सांगाडा आहे. माझा मित्र म्हणतो डायनासोर, मला बदक वाटतं. नक्की काय आहे ते? आणि ही कंपनी मूळची कुठली?

उत्तर: तो प्लॅटिपस आहे, म्हणजे ऑस्ट्रेलियातला तो चोचवाला, अंडी घालणारा आणि तरीही पिल्लांना दूध पाजणारा प्राणी. चोच दिसली म्हणून तुम्हाला बदक वाटलं असणार, त्यात नवल काहीच नाही, कारण १७९९ मध्ये जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने याच्या वाळवलेल्या कातड्याचं वर्णन लिहिलं तेव्हा त्यालाही शंका आली होती की कुणीतरी बदकाची चोच दुसऱ्याच जनावराला शिवून आपल्याला फसवतंय. पुढच्याच वर्षी ब्लूमेनबाख या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचं नाव ठेवलं ऑर्निथोरिंकस पॅराडॉक्सस. आता शास्त्रीय नाव ऑर्निथोरिंकस अनॅटिनस असं आहे, पण ते जुनं नाव बघितलं की या कंपनीच्या लोगोवर हाच प्राणी का शोभतो ते लगेच कळतं. आणि सांगाडा म्हणाल तर खऱ्या प्लॅटिपसची कवटी एकदा फोटोत बघाच, चोचीच्या जागी दोन वाकडी हाडं चिमट्यासारखी पुढे आलेली असतात आणि मधे मोकळी जागा, कारण जिवंतपणी दिसणारी ती रुंद चोच बरीचशी मऊ कातडीची असते.

आता कंपनी. पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह स्वीडनची, ऑफिस स्टॉकहोममध्ये. पण तिची मुळं कॉम्प्युटरमध्ये नाहीतच, ती आहेत टेबलावर खेळायच्या गेम्समध्ये. टार्गेट गेम्स नावाची एक स्वीडिश कंपनी होती, रोलप्लेइंग गेम्स (ज्यात प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो) आणि बोर्ड गेम्स काढायची, द्राकार ओक देमोनर हा त्यांचा रोलप्लेइंग गेम स्वीडनमध्ये फार गाजला. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिचा धंदा अडचणीत आला आणि त्यातून पॅराडॉक्स एंटरटेनमेंट बाहेर पडली. तिने २००० मध्ये युरोपा युनिव्हर्सालिस कॉम्प्युटरवर आणला, आणि तोसुद्धा मुळात बोर्ड गेमच, फिलिप थिबो या फ्रेंच डिझायनरने १९९३ मध्ये केलेला. कागदावर तो इतका अवाढव्य होता की सगळे नियम सांभाळत खेळणं म्हणजे मोठंच काम. कॉम्प्युटरने हिशोबाची सगळी कटकट स्वतःकडे घेतली, खेळणाऱ्याने फक्त ठरवायचं की युद्ध करायचं, लग्न जुळवायचं की जहाजं पाठवायची. मला वाटतं पॅराडॉक्सच्या यशाचं मूळ इथेच आहे. त्यानंतर २००२ ला हार्ट्स ऑफ आयर्न, २००३ ला व्हिक्टोरिया, २००४ ला क्रुसेडर किंग्ज, म्हणजे आज ज्या मालिका सगळे खेळतात त्या चारही जेमतेम चार-पाच वर्षांत उभ्या राहिल्या, आणि तेही अगदी लहानशा टीमकडून, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

२००४ मध्येच गेम्सचा विभाग वेगळा होऊन पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह झाला. जुनी एंटरटेनमेंट कंपनी कॉनन वगैरे पात्रांचे हक्क घेऊन आपल्या वाटेने अमेरिकेत गेली, तिचा पुढे या गेम्सशी संबंध राहिला नाही.

प्रश्न: माझ्याकडे मोठ्या भावाचा जुना अमेरिकन डबा आहे पहिल्या युरोपा युनिव्हर्सालिसचा, त्यावर स्ट्रॅटेजी फर्स्ट असं नाव आहे. ही डुप्लिकेट कॉपी आहे का?

उत्तर: नाही नाही, अगदी ओरिजिनल आहे, जपून ठेवा! तेव्हा सीडीचे डबे दुकानात पोचवायला प्रत्येक भागात वेगळा पब्लिशर लागायचा आणि उत्तर अमेरिकेत ते काम कॅनडातल्या माँट्रियालची स्ट्रॅटेजी फर्स्ट करत होती. २००४ मध्ये ती आर्थिक अडचणीत आली. दुसऱ्याच्या भरवशावर गेम विकण्यात हाच धोका असतो, गेम तुमचा, मेहनत तुमची, पण पैसा आधी त्याच्या खिशात जातो आणि मग तुमच्याकडे येतो. पॅराडॉक्सने पुढे स्वतःच पब्लिश करायला घेतलं आणि २००६ मध्ये तर डाउनलोड करून गेम विकत घ्यायचं स्वतःचं दुकानही काढलं, तेच पुढे गेमर्सगेट म्हणून ओळखलं गेलं. दुकानातल्या शेल्फवर नकाशा बघत तासन्‌तास बसायच्या गेमला जागा मिळणं अवघडच होतं, पण डाउनलोडमध्ये शेल्फच नाही म्हटल्यावर असे गेम आवडणारी जगभर विखुरलेली माणसं थेट सापडली.

प्रश्न: सिटीज स्कायलाइन्स हा शहर वसवायचा गेम चालू केला की पॅराडॉक्सचा लोगो येतो आणि कोलॉसल ऑर्डर असाही एक लोगो येतो. मग गेम नक्की बनवला कुणी?

उत्तर: बनवला कोलॉसल ऑर्डरने, ही फिनलंडमधल्या तांपेरे शहरातली कंपनी. पॅराडॉक्स पब्लिशर. हा फरक बरेच जण लक्षात घेत नाहीत आणि मग बगसाठी, म्हणजे गेममधल्या चुकांसाठी, एकाला शिव्या, किमतीसाठी दुसऱ्याला, आणि बहुतेक वेळा उलट्याच माणसाला. ढोबळमानाने सांगायचं तर डेव्हलपर कोड लिहितो, चित्रं-आवाज करतो, गेमचे नियम ठरवतो. पब्लिशर पैसे पुरवतो, टेस्टिंगला माणसं देतो, जाहिरात करतो, किंमत आणि रिलीजची तारीख ठरवण्यात त्याचाच शब्द जड असतो, आणि विक्री सुरू झाली की साधारणपणे आधी स्वतःचे घातलेले पैसे वसूल करून मग करारात ठरलेला वाटा डेव्हलपरला देतो. मार्च २०१५ मध्ये स्कायलाइन्स आला तेव्हा बनवणारी टीम जेमतेम डझनभर माणसांची होती आणि पहिल्या २४ तासांत अडीच लाख कॉपी खपल्या.

करारात अजून एक गोष्ट असते ती म्हणजे गेमच्या नावाचे हक्क कुणाचे. स्कायलाइन्सचे पॅराडॉक्सकडे आहेत, म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दोघांनी वेगळं व्हायचं जाहीर केलं तेव्हा गेम पॅराडॉक्सकडेच राहिला आणि पुढचं काम त्यांच्याच आइसफ्लेक या स्टुडिओकडे गेलं. ज्यांनी दहा वर्षं तो गेम वाढवला त्यांना तो मागे सोडून जावं लागणं हे मला मनापासून वाईट वाटलं, मग कायद्याने कितीही बरोबर असो.

क्रुसेडर किंग्जच्या बाबतीत दोन्ही बाजूंना पॅराडॉक्सच, कारण तो त्यांच्या घरच्या स्टुडिओचा, पॅराडॉक्स डेव्हलपमेंट स्टुडिओचा गेम. युरोपा युनिव्हर्सालिस ५ मात्र स्पेनमधल्या पॅराडॉक्स टिंटोने केलाय, योहान अँडरसन तिथे आहेत, ते या मालिकेवर पहिल्यापासून काम करत आलेत. म्हणून लोगो येतात तेव्हा घाईने एस्केप दाबण्याआधी एकदा तरी सगळे नीट वाचा, कुणाचं काय आहे ते तिथेच लिहिलेलं असतं.

प्रश्न: क्लॉजविट्झ हा पण पब्लिशर आहे का?

उत्तर: नाही, ते इंजिनचं नाव, म्हणजे गेम ज्या मूळ सॉफ्टवेअरवर उभा असतो त्याचं. २००७ च्या युरोपा युनिव्हर्सालिस ३ पासून पॅराडॉक्स ते वापरते आणि नाव घेतलंय कार्ल फॉन क्लॉजविट्झ या प्रशियन जनरलवरून, युद्धशास्त्रावर लिहिणारा.

प्रश्न: लोगो रोज बघून कंटाळा आला. कायमचे बंद करता येतात का? एका मित्राने व्हिडिओ फाइल डिलीट करायला सांगितलीये.

उत्तर: डिलीट नका करू. काही गेम ती फाइल सापडली नाही की उघडतच नाहीत, आणि उघडला तरी पुढचं अपडेट आलं किंवा स्टीमवर (गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ऑनलाइन दुकान) फाइल्स तपासल्या की ती परत येऊ शकते, म्हणजे केलेलं काम फुकट. आधी एस्केप, स्पेस किंवा माउसचं क्लिक करून बघा, बऱ्याच गेममध्ये तेवढ्याने लोगो पुढे सरकतो. जिथे सरकतच नाही तिथे दोन कारणं असू शकतात. एक, लोगोच्या मागे गेम लोड होत असतो, त्यामुळे लोगो काढला तरी तुम्ही तेवढाच वेळ काळ्या स्क्रीनकडे बघत बसाल. दुसरं, आवाज, व्हिडिओ यांसाठी बाहेरचं सॉफ्टवेअर वापरलं की त्याच्या लायसन्समध्ये बऱ्याचदा अट असते की आमचं नाव दिसलं पाहिजे, मग ते दाखवणं कंपनीला भागच असतं. पॅराडॉक्सच्या गेममध्ये त्याच्याही आधी लाँचरची खिडकी येते तिचं प्रकरण वेगळं, ती लोगोसाठी नाहीये, कुठले मॉड (खेळणाऱ्यांनी केलेले बदल) आणि कुठले डीएलसी (वेगळे विकत घ्यायचे जादा भाग) चालू ठेवायचे ते तिथे ठरतं. मॉड वापरत असाल तर ती खिडकी राहू द्या, कारण दोन मॉड एकमेकांशी भांडायला लागले की कुठला बंद करायचा ते तिथूनच करता येतं.