नुसता खेळतोय म्हणजे काय?

'ताई, आम्ही तासगावजवळ राहतो, द्राक्षबाग आहे. मुलगा वीस महिन्यांचा. दिवसभर भांडी ओढतो, वाटी मुद्दाम खाली टाकतो, बादलीत हात घालतो. पुण्याच्या जाऊबाईंची मुलगी जवळपास त्याच्याच वयाची. ती टॅबवर बघून एबीसीडी म्हणते, रंग ओळखते, आणि त्याचे व्हिडिओ घरच्या ग्रुपवर येतात. हे म्हणतात, आपणही टॅब घेऊ. सासूबाई म्हणतात, नुसता खेळतोय, तू काही शिकवत नाहीस. घरात असूनही मी कमी पडतेय का?'

नाही गं, अजिबात कमी पडत नाहीयेस. तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू तक्रार म्हणून लिहिलंयस: वाटी मुद्दाम खाली टाकतो. उद्या तो वाटी टाकेल तेव्हा दोन मिनिटं काम बाजूला ठेव आणि त्याच्याकडे बघ. वाटी फरशीवर पडली की खणकन वाजते, सतरंजीवर पडली की वाजत नाही. कधी ती गरगरत कॉटखाली जाते, मग तो वाकून शोधतो. दिसत नसली तरी ती तिथं आहे, हे त्याला आता पक्कं कळलंय. पाच-सहा महिन्यांचा असताना कळत नव्हतं, तेव्हा दिसेनाशी झालेली वस्तू त्याच्या लेखी संपलेली असायची. आणि प्रत्येक वेळी वाटी टाकून झाली की तो तुझ्या तोंडाकडे बघतो. आई हसते का, रागावते का, उचलून देते का, हेही तो तपासत असतो. हे शिकणं नाही तर काय?

वाटी टाकून तुझं डोकं उठतं, तेही खरं. मग एका टोपलीत टाकायच्याच वस्तू ठेव: कापडी चेंडू, प्लॅस्टिकचे डबे, झाकणं, जुना रुमाल. महागडी खेळणी आणायची काही गरज नाही. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिकवण्याची साधनं केली होती. तू मेथी निवडायला बसलीस की चार काड्या त्याच्याही पुढ्यात ठेव. पान चिमटीत धरून तोडताना बोटांना जो सराव होतो, तोच पुढं पेन्सिल धरताना उपयोगी पडतो.

टॅबबद्दल मी स्पष्टच सांगते, घेऊ नका. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2021 मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. या वयाची मुलं समोरच्या जित्या माणसाकडून जेवढं शिकतात, तेवढं पडद्यावरून शिकत नाहीत. तो 'बू' म्हणाला की तू म्हणतेस, 'हो, भूभू आला, शेपटी हलवतोय बघ.' तो पुन्हा काहीतरी म्हणतो, तू पुन्हा उत्तर देतेस. भाषा या देवाणघेवाणीतून येते. व्हिडिओ त्याच्या बोलण्यासाठी थांबत नाही. जाऊबाईंच्या मुलीशी तुलना मनातून काढून टाक, आणि त्यांना उलट टोमणाही मारू नकोस.

दिवसभर त्याच्याशी खेळत बसायलाच हवं, असंही मनात घेऊ नकोस. तो आपल्या नादात असेल तर त्याला तसाच राहू दे. मधेच 'हा रंग कुठला?' म्हणून परीक्षा नको. त्याला भरपूर हालचाल मात्र हवी. जागतिक आरोग्य संघटना एक-दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान तीन तास म्हणते. चालणं, चढणं, अंगणात पळणं, सगळं त्यात आलं.

सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्यांना खेळात ओढ. आपडी-थापडी, पदराआड लपून 'भोऽक', तळहातावर मोराला चारा घालून भुर्रकन उडवणं, हे त्यांच्याइतकं तुला-मला जमणार नाही. आपली पाळी कधी येते याची वाट बघणं आणि पुढं काय होणार ते ओळखणं, हे बाळ त्यातूनच शिकतं. यजमानांना सांग, बागेतून आल्यावर फोन बाजूला ठेवून थोडा वेळ त्याच्याबरोबर जमिनीवर बसा.

दोन बाबतींत मात्र डोळ्यांत तेल घालून राहा. पाण्याशी खेळू दे, पण तू शेजारी हवीस. बादलीतलं थोडं पाणीही या वयात जीव घेऊ शकतं, म्हणून काम झालं की बादली रिकामी कर. आणि तुमच्या घरात द्राक्षं, बेदाणे जिकडेतिकडे असणार. अख्खं द्राक्ष घशात अडकतं, ते उभं चिरून चार फोडी करून दे. बेदाणे, शेंगदाणे, नाणी आणि रिमोटमधली बटणासारखी बॅटरी त्याच्या हाताला लागू देऊ नकोस.

हाक मारल्यावर तो वळून बघतो ना? हवं ते बोटानं दाखवतो, तुझी नक्कल करतो, काही शब्द बोलतो? यातलं काही होत नसेल, किंवा आधी येत असलेलं बंद झालं असेल, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणणाऱ्यांचं ऐकत बसू नकोस. लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखव. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, ते कधी येणार आहे तेही सेविकाताईंना विचारून ठेव.