गॅमा, रेषीय आणि आठवीतलं ‘समचलन’

प्रश्न असा आला आहे: फोटो-एडिटिंगवरच्या मराठी टिपणात ‘लिनिअर कलर स्पेस’ला ‘रेषीय रंगक्षेत्र’ म्हणावं का, आणि ‘गॅमा’ला मराठी शब्द कोणता?

गॅमा हे ग्रीक अक्षर आहे, ते तसंच राहू द्या. फक्त ‘गामा’ लिहू नका, वाचकाला पैलवान आठवेल. गॅमा किरणांशीही याचा संबंध नाही. हर्टर आणि ड्रिफिल्ड या दोघांनी १८९० मध्ये फिल्मवर पडलेला प्रकाश आणि तिला आलेला काळेपणा यांचा आलेख मांडला. त्याच्या मधल्या सरळ भागाचा उतार म्हणजे गॅमा. आलेखाचे दोन्ही अक्ष लॉगॅरिदमचे, त्यामुळे हा उतार खरं तर घातांक असतो. पुढे जुन्या टीव्हीच्या काचनळीसाठी (सीआरटी) आणि मग संगणकासाठी तोच शब्द, पडद्यावरच्या प्रकाशाचं नातं सांगणारा घातांक म्हणून, वापरात आला. गंमत बघा, आज ज्याला आपण ‘रेषीय नसलेलं’ म्हणतो, त्याचं नाव एका सरळ रेषेवरून पडलंय!

म्हणूनच ‘रेषीय’ मला अपुरा वाटतो. चूक नाही, दहावीत ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ असतातच. पण तो शब्द आलेखाचा आकार सांगतो, आणि रेषा कुठूनही जाऊ शकते. इथे म्हणायचं आहे ते वेगळंच: प्रकाश दुप्पट तर फोटोतल्या ठिपक्याचा आकडा दुप्पट, प्रकाश शून्य तर आकडा शून्य. याला आठवीच्या पुस्तकात नेमका शब्द आहे, समचलन.

डोळ्याचं मात्र समचलन नाही. अंधाऱ्या देवघरात एक समई असताना दुसरी लावली की लख्ख फरक कळतो; दहा असताना अकरावी लावली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरला प्रत्येक समई सारखीच. म्हणून फाइल साठवताना आकड्यांना गॅमा लावतात आणि गडद छटांना जास्त पायऱ्या देतात. १९९६ साली मांडलेल्या एसआरजीबीत (पडदे आणि वेबसाठीच्या प्रमाणित रंगपद्धतीत) हा घातांक साधारण २.२ धरला जातो. परिणामी ० (काळा) ते २५५ (पांढरा) मधला १२८ हा आकडा अर्ध्या प्रकाशाचा नसून जेमतेम २२ टक्के प्रकाशाचा. अर्धा प्रकाश हवा तर आकडा १८८.

हे माहीत नसलं की चुका होतात. दिवाळीच्या माळेचा फोटो लहान केला की दिवे मंद का दिसतात? काळ्या आणि पांढऱ्या ठिपक्याची सरासरी सॉफ्टवेअर सरळ १२८ काढतं. यायला हवी १८८. आधी गॅमा काढायचा, सरासरी घ्यायची, मग परत लावायचा. ‘लावणे’ आणि ‘काढणे’ ही क्रियापदं इथे छान बसतात, ‘गॅमा-संकेतन’ वगैरे जडजंबाल कशाला?

राहिला ‘स्पेस’. क्षेत्र नको, ते क्षेत्रफळाकडे ओढतं. लाल, हिरवा, निळा असे तीन अक्ष आहेत, तेव्हा ‘अवकाश’ बरा. मी लिहीन ‘समचलनी रंगावकाश’, आणि पहिल्यांदा येईल तिथे शेजारी ‘लिनिअर’, कारण मेन्यूत वाचक तोच शब्द शोधणार आहे.